थांबा म्हणता, पण नेमकं कशासाठी?

प्रति,
जगभरच्या अंतराळ संस्थांचे प्रमुख आणि त्यांच्या अंदाजपत्रकांवर सह्या करणारे सर्वजण

विषय : ताऱ्यांकडे जाण्याचं काम ‘तंत्रज्ञान परिपक्व होईपर्यंत’ लांबणीवर टाकण्याबाबत

महोदय आणि महोदया,
स.न.वि.वि.

माझी एक जुनी विद्यार्थिनी परवा घरी आली होती. शाळेत असताना ती पहिल्या बाकावर बसून मला अडचणीत आणायची. आता प्रकाशशिडांसाठी, म्हणजे प्रकाशाच्या दाबावर यान ढकलणाऱ्या शिडांसाठी, लागणाऱ्या पातळ पडद्यांवर काम करते. तिने वही उघडली. दोन पानांमध्ये तळहाताएवढा चंदेरी तुकडा ठेवला होता, तो चिमट्याने उचलून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “सर, श्वास जरा रोखून बघा.” मी वाकलो, नेमकं तेच विसरलो, आणि तुकडा टेबलावरून उडून कुठेतरी खाली गेला. आम्ही दोघं गुडघे टेकून तो शोधत होतो, तेव्हा तिने सांगितलं की तिचा संशोधन प्रस्ताव नाकारला गेलाय. कारण एका ओळीचं: ‘विषय काळाच्या पुढचा आहे, तंत्रज्ञान परिपक्व झाल्यावर पुन्हा अर्ज करावा.’

ती समिती कोणती हे मी लिहिणार नाही. तिच्यावर माझा विशेष राग नाही, कारण हेच वाक्य तुमच्यापैकी कुणीही लिहिलं असतं. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि उघड.

मी गेली 27 वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो. माझा यात काय संबंध, असं विचाराल तर मी या गुन्ह्यातला भागीदार आहे. दरवर्षी मी फळ्यावर एक गणित करून दाखवतो. 2006 मध्ये अँड्र्यू केनेडी यांनी ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या नियतकालिकात ते रीतसर मांडलं. प्रश्न असा: आज निघालेलं यान हळू जाणार; उद्याचं यान वेगवान असणार आणि वाटेतच आजच्याला मागे टाकणार. मग आज निघायचंच कशाला? निघण्याची योग्य वेळ कोणती?

फळ्यावरचे माझे आकडे सोपे असतात. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, अंतर 4.24 प्रकाशवर्षं. सूर्यमालेबाहेर निघालेल्या व्हॉयेजर 1 या यानाचा वेग सेकंदाला 17 किलोमीटर. भागाकार केला की प्रवास येतो सुमारे 75,000 वर्षांचा. (व्हॉयेजर त्या दिशेने चाललेलंच नाही, पण गणितापुरतं चालतं.) आता समजा, गाठता येणारा वेग दर 100 वर्षांनी दुप्पट होतो. मग 100 वर्षं थांबलं तर प्रवास निम्मा, 37,500 वर्षांचा. 200 वर्षं थांबलं तर 18,750. थांबणं भलतंच फायद्याचं! असं करत करत 900 वर्षांपर्यंत थांबलं की प्रवास उरतो 146 वर्षांचा. त्यानंतर आणखी 100 वर्षं थांबलं तर वाचतात फक्त 73, म्हणजे 27 वर्षांचा तोटा. तेव्हा उत्तर: सुमारे 900 वर्षं थांबा, मग निघा.

वर्ग खूश होतो. फळा भरलेला असतो, उत्तर नेटकं असतं. एका वर्षी या मुलीने हात वर केला. “सर, 900 वर्षं सगळेच थांबले तर वेग दुप्पट कोण करणार?”

मी म्हणालो, “ते गणितात दिलेलं आहे. गृहीत धर.”

तुम्ही सगळे गेली पन्नास वर्षं तिला हेच उत्तर देत आला आहात.

तक्रारींकडे वळण्याआधी एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर माझी गणना लगेच स्वप्नाळूंत होईल. माणसं पाठवण्याची वेळ आलेली नाही. एक हजार टनांचं जहाज प्रकाशाच्या एकदशांश वेगाला न्यायचं तर त्याला जी गतिज ऊर्जा द्यावी लागेल, ती साऱ्या जगाच्या वर्षभराच्या ऊर्जावापराच्या पाऊणपटीच्या आसपास जाते. आणि यात इंजिनात वाया जाणारी ऊर्जा धरलेली नाही, तिकडे पोचून थांबण्याची तर नाहीच. ज्यांनी निवड केली नाही अशा पुढच्या पिढ्यांना एका डब्यात जन्माला घालून पाठवणं मला नैतिकदृष्ट्याही पटत नाही. इथे थांबायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती हात बांधून थांबण्याला.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार त्या ‘गृहीत धर’ची आहे. वेग दुप्पट होण्याचा दर किती, यावर ते सगळं गणित उभं आहे. दर 50 वर्षांनी दुप्पट धरला तर 900 च्या जागी 500 वर्षं थांबावं लागतं. मग खरा दर काय आहे? व्हॉयेजर 1 सुटलं 5 सप्टेंबर 1977 ला. सूर्यापासून सर्वाधिक वेगाने दूर जाणारं यान आजही तेच आहे. प्लूटोकडे जाणारं न्यू होरायझन्स 19 जानेवारी 2006 ला निघालं तेव्हा पृथ्वीवरून इतक्या वेगाने काहीच सुटलं नव्हतं. पण त्याला वाटेत व्हॉयेजरइतके ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणाचे धक्के मिळाले नाहीत, आणि ते व्हॉयेजर 1 ला कधीच गाठणार नाही. सूर्याजवळून फेऱ्या मारणाऱ्या पार्कर यानाचं नाव तुम्ही घ्याल. 24 डिसेंबर 2024 ला त्याने ताशी सुमारे 6 लाख 90 हजार किलोमीटरचा वेग गाठला, हे खरं. पण तो सूर्याकडे कोसळतानाचा वेग आहे. घसरगुंडीवरून खाली येताना मिळालेला वेग पुन्हा वर चढताना खर्च होतो, तसं प्रत्येक फेरीत त्याचं होतं.

म्हणजे ताऱ्यांच्या दिशेने जाण्याच्या वेगात अर्धशतकात वाढ झाली शून्य. हा शून्य त्या गणितात घाला. उत्तर येतं: थांबून काहीही फायदा नाही, आजच निघा. अर्थात 75,000 वर्षांच्या प्रवासाला आज कुणी निघू नये, मीही तसं म्हणत नाही. पण ज्या गणिताच्या आधाराने तुम्ही थांबायला सांगता, तेच गणित तुमचा खरा दर घातल्यावर तुमच्यावर उलटतं. बँकेत पैसे न भरताच व्याजाची वाट पाहत बसावं, तसं हे चाललंय.

दुसरी तक्रार ‘मागे पडणारं यान म्हणजे वाया गेलेलं यान’ या समजुतीबद्दल. हा प्रसंग प्रत्यक्षात घडून गेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायोनियर 10 सुटलं 2 मार्च 1972 ला. तेव्हा मंगळापलीकडच्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून यान धडपणे पार जाईल का, याचीच खात्री नव्हती. ते पार गेलं. डिसेंबर 1973 मध्ये गुरूजवळून गेलं आणि तिथला किरणोत्सार अपेक्षेपेक्षा कितीतरी जबर निघाला. त्यातून ते कसंबसं निभावलं. व्हॉयेजरची बांधणी तेव्हा सुरू होती. पायोनियरने पाठवलेल्या मोजमापांवरून त्यांची इलेक्ट्रॉनिक्स अधिक कणखर केली गेली. त्या कणखरपणामुळेच व्हॉयेजर 1 गुरूच्या जवळून जाऊ शकलं, गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचा धक्का घेऊन वेग मिळवू शकलं. आणि 17 फेब्रुवारी 1998 ला, म्हणजे पायोनियर सुटल्यावर 26 वर्षांनी, व्हॉयेजर 1 ने सूर्यापासूनच्या अंतरात पायोनियर 10 ला मागे टाकलं.

आता सांगा, पायोनियर वाया गेलं का? 1972 मध्ये कुणी ‘पाच वर्षं थांबा, व्हॉयेजर येतंय, ते याला गाठणारच आहे’ असा शेरा मारला असता तर? पट्ट्यातली धूळ आणि गुरूचा किरणोत्सार यांचा पहिला अनुभव कुणाला तरी घ्यावाच लागला असता. तो व्हॉयेजरने घेतला असता, आणि बहुधा तिथेच त्याचा शेवट झाला असता. मागून येणारं यान वेगवान असतं ते पुढे गेलेल्यामुळे. तुमच्या गणितात ही दोन यानं शर्यतीतली दोन घोडी आहेत. प्रत्यक्षात ती आई-मुलगी आहेत.

(व्हॉयेजरच्या घरातही गंमत आहेच. व्हॉयेजर 2 आधी सुटलं, 20 ऑगस्टला. क्रमांक 1 सोळा दिवसांनी सुटलं आणि डिसेंबरातच त्याच्या पुढे गेलं. पण म्हणून व्हॉयेजर 2 रद्द करा असं कुणी म्हटलं नाही, हे बरंच झालं. युरेनस आणि नेपच्यूनजवळून आजवर तेच एक यान गेलं आहे.)

तिसरी तक्रार: थांबल्याने तंत्रज्ञान परिपक्व होत नाही, नासतं. अणुऔष्णिक, म्हणजे अणुभट्टीच्या उष्णतेवर वायू फेकणारी, इंजिनं 1960 च्या दशकात जमिनीवर प्रत्यक्ष चालवून पाहिली गेली होती. 1973 च्या सुरुवातीला ते काम गुंडाळलं. आजवर असं एकही इंजिन अवकाशात उडालेलं नाही. सूर्यापासून लांब जाणाऱ्या यानांना वीज देणारं प्लुटोनियम-238 घ्या. अमेरिकेत त्याचं उत्पादन 1988 मध्ये थांबलं. ते पुन्हा सुरू करायला किती खटाटोप करावा लागला हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. 2015 च्या अखेरीस पहिला घाणा निघाला तो 50 ग्रॅमचा.

आणि नोव्हेंबर 2023 आठवा. व्हॉयेजर 1 अचानक अर्थहीन आकडे पाठवू लागलं. स्मृतीतली एक चिप मेली होती. त्यातला संगणकीय कार्यक्रम ठेवायला दुसरीकडे एवढी सलग जागा नव्हती, म्हणून त्याचे तुकडे करून जिथे मावतील तिथे बसवावे लागले, आणि तुकड्यांचे एकमेकांकडे बोट दाखवणारे सगळे पत्ते पुन्हा जुळवावे लागले. त्यासाठी अभियंत्यांनी काही दशकांपूर्वीचे कागद उपसले. 18 एप्रिल 2024 ला आज्ञा पाठवली. ती पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. 20 एप्रिलला उत्तर आलं, पाच महिन्यांनी यानाची प्रकृती पहिल्यांदा कळली. मी त्या रात्री लहान मुलासारखा नाचलो हे कबूल करतो. पण दुसऱ्या दिवशी मनात आलं, ते कागद कुणी रद्दीत घातले असते तर?

एड स्टोन 1972 पासून 2022 पर्यंत, तब्बल 50 वर्षं, या मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. 2024 मध्ये ते गेले. असा माणूस मिळाला हे आपलं भाग्य. अर्धशतकाच्या मोहिमा भाग्यावर सोडायच्या का?

चौथी तक्रार थोडक्यात. कशासाठी थांबायचं हे तुम्ही कधी सांगतच नाही. रासायनिक रॉकेट सुधारण्यासाठी थांबत असाल तर ते व्यर्थ आहे. त्सिओल्कोव्हस्की यांनी 1903 मध्ये प्रसिद्ध केलेलं समीकरणच ते सांगतं. सेकंदाला साडेचार किलोमीटर वेगाने वायू बाहेर फेकणाऱ्या रॉकेटला प्रकाशाच्या एक टक्का वेग गाठायचा तर लागणारं इंधन यानाच्या वजनाच्या इतके पट येतं की तो आकडा लिहायला एकावर 289 शून्यं द्यावी लागतात. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या सांगायला 80 शून्यं पुरतात. तेव्हा परिपक्व व्हायचं आहे ते काहीतरी निराळंच: शीड, लेसर, अणुसंलयन. आणि निराळ्यावर काम करणाऱ्याला तुम्ही सांगता, परिपक्व होऊन या. इथेच घोडं पेंड खातं.

पाचवी तक्रार ही की तुम्ही सगळा वाद ‘तारा नाहीतर काहीच नाही’ असा करून ठेवला आहे. दादर वगळून माडीवर जायचं का, एवढाच प्रश्न विचारायचा आणि ‘नाही’ म्हणून मोकळं व्हायचं. मधल्या पायऱ्या आहेत. सूर्यापासून सुमारे 550 खगोलीय एककांवर (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक) सूर्याचं गुरुत्वाकर्षण भिंगासारखं काम करू लागतं. तिथून दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह पाहता येतील, तिकडे न जाता. 2021 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने व्हॉयेजरच्या जवळपास दुप्पट वेगाच्या, 50 वर्षांहून अधिक काळ टिकेल अशा यानाचा तपशीलवार आराखडा दिला. वर्षाला 7 खगोलीय एककं. कोणताही चमत्कार न मागता, आज हाताशी असलेल्या साधनांनी. ते भिजत घोंगडं अजून तसंच आहे.

दरम्यान तिकडे काय चाललंय? व्हॉयेजर 1 ने ऑगस्ट 2012 मध्ये सूर्याच्या वाऱ्याची, म्हणजे सूर्यातून वाहणाऱ्या कणांच्या झोताची, हद्द ओलांडली, व्हॉयेजर 2 ने नोव्हेंबर 2018 मध्ये. दोन्हींची वीज दरवर्षी सुमारे 4 वॅटनी घटते आहे. एकेक उपकरण बंद करत दिवस काढणं चालू आहे. मागून न्यू होरायझन्स येतंय, पण ते प्लूटोसाठी बांधलेलं. त्यावर चुंबकीय क्षेत्र मोजायचं साधनच नाही. आज तुम्ही सगळ्यांनी मिळून निर्णय घेतला, दहा वर्षांत नवं यान सुटलं, दुप्पट वेगाने गेलं, तरी त्या हद्दीपर्यंत जायला त्याला सतरा-एक वर्षं लागतील. तोवर दोन्ही व्हॉयेजर गप्प झालेली असणार. म्हणजे खंड पडणार हे आता ठरलेलंच आहे. तो केवढा असेल एवढंच तुमच्या हातात उरलं आहे. आंतरतारकीय अवकाश मोजणं हेच मुख्य काम म्हणून बांधलेलं यान आजवर एकही सुटलेलं नाही. जी पाच यानं सूर्यमाला सोडून निघाली आहेत, ती सगळी ग्रहांसाठी पाठवलेली होती. पुढचा प्रवास हा वरकड लाभ.

पृथ्वीवरचे प्रश्न आधी सोडवा, असं काहीजण म्हणतील. रास्त आहे. म्हणूनच मी ताऱ्यापर्यंतचं भाडं मागत नाही.

माझ्या मागण्या अशा.

आंतरतारकीय अवकाश हेच उद्दिष्ट असलेलं एक यान मंजूर करा. सुटण्याचं वर्ष लिहून जाहीर करा. एकाच देशाला झेपत नसेल तर वाटून घ्या. अंतर सगळ्यांना सारखंच आहे.

व्हॉयेजर शेवटच्या वॅटपर्यंत ऐका. तिथल्या खर्चात काटछाट करून मिळणारी रक्कम तुमच्या अंदाजपत्रकात कुणाच्या डोळ्यांतही भरणार नाही. आणि त्यांचे सगळे कागद, आराखडे, कार्यक्रम, चुकांच्या नोंदी एकत्र करून जगापुढे उघड्या ठेवा.

‘परिपक्व’ म्हणजे काय ते आकड्यांत सांगा. 2016 मध्ये उद्योगपती युरी मिल्नर यांनी भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्या उपस्थितीत ग्रॅमभर वजनाची यानं लेसरच्या जोरावर प्रकाशाच्या 20 टक्के वेगाने पाठवायची कल्पना मांडली. ती पार पडेल की नाही हा भाग वेगळा. पण त्यांनी एक काम तुमच्याआधी केलं: अडचणींची यादी जाहीर केली. तशी यादी तुम्ही करा. शिडाचं वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅमवर आलं म्हणजे चालेल? लेसर किती शक्तीचा? यानाने किती वर्षं बिनदुरुस्त टिकायला हवं? दर पाच वर्षांनी सांगा, कुठे पोचलो.

आणि त्या यादीतल्या प्रत्येक ओळीवर काम करणाऱ्या लहान प्रस्तावांसाठी थोडा का होईना, वेगळा निधी ठेवा. त्यातल्या कुठल्याही प्रस्तावाला ‘काळाच्या पुढचा’ हे कारण देऊन नाकारायचं नाही. चूक असेल तर चूक म्हणा, कच्चा असेल तर कुठे कच्चा ते सांगा. जपानचं इकारॉस 2010 मध्ये सूर्यप्रकाशाच्या दाबावर चालून दाखवेपर्यंत ग्रहांमधल्या अवकाशात शीड उलगडून कुणी असा प्रवास केला नव्हता. चौरस मीटरभर आरशावर तो दाब पडतो मिलिग्रॅमभर वजनाएवढा. तेही कुणाला तरी काळाच्या पुढचंच वाटलं असणार.

या वर्षी मी ते गणित पुन्हा फळ्यावर घालणार आहे. फक्त दराच्या जागी आकडा लिहिणार नाही, जागा मोकळी सोडेन. मुलं विचारतील काय भरायचं, तेव्हा त्यांना दाखवायला तुमचं उत्तर हाताशी असावं, अशी इच्छा आहे.

आपला,
एक भौतिकशास्त्राचा शिक्षक

ता.क. तो तुकडा सापडला. खुर्चीच्या पायाला चिकटला होता, एका कोपऱ्याला चुणी पडलीय. मी हळहळलो, पण ती म्हणाली, चुणी पडलेल्या जागेवरून प्रकाश कसा परततो ते मोजायचंच होतं. वहीत ठेवून घेऊन गेली.